खोली तशी कोरडीच आहे

४ नोव्हेंबर, सकाळी
ही वही औषधांच्या दुकानदाराने दिली. वर खोकल्याच्या बाटलीचं चित्र आहे. असू दे. वही कुणाला दाखवायची नाही, कुणी वाचायची नाही, मीही परत वाचायची नाही. नुसतं लिहायचं. लिहिलं की मन मोकळं होतं असं सूनबाई म्हणते. तिला वाटतं मी वहीशी बोलले की तिच्याशी कमी बोलेन. माझी शाळा चौथीपर्यंतच, तीही चौथी दोनदा केली, त्यामुळे पाया पक्का आहे.

आनंदाची बातमी! धाकटी लेक बाळाला घेऊन येतेय. २८ तारखेला. दहा दिवस राहणार. नात आठ महिन्यांची झाली आणि मी तिला अजून फोनच्या काचेतच बघितलंय. तिचं नाव काहीतरी लांबलचक ठेवलंय, माझ्या जिभेला वळत नाही, मी ठमी म्हणते. दोन्ही गाल असे आहेत की बघत राहावं. माझ्यावर गेलीय. ठमी माझ्या खोलीत झोपणार, माझ्या खाटेशेजारी. हे मी ठरवलंय.

लेकीची अट एकच. म्हणाली, आई, हिची छाती भरते. ओल असलेल्या जागेत अजिबात ठेवू नका असं डॉक्टरांनी बजावलंय. तुझी मागची खोली कोरडी आहे ना? नसेल तर सासूबाईंकडे उतरू, त्यांचा तिसरा मजला आहे, भरपूर ऊन येतं. मी म्हटलं, माझी खोली? अगं, खडूसारखी कोरडी आहे!

खोटं बोलले नाही. खाटेच्या बाजूने कोरडीच आहे. फक्त खिडकीखालच्या भिंतीचा रंग जरा बदललाय. कमरेपर्यंत. आणि थोडे पोपडे सुटलेत. आणि थोडे किडे आहेत. पण अजून चोवीस दिवस आहेत. चोवीस दिवसांत लोक अख्खं लग्न जमवतात.

विहीणबाईंकडे ऊन येतं म्हणे. जसं काही त्यांनी माहेराहून आणलंय.

५ नोव्हेंबर
किड्यांविषयी. यांचं नाव कुणालाच माहीत नाही. वाटाण्याहून लहान, राखाडी, पाठीवर पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत. पाय किती ते मोजू देत नाहीत. शिवलं की गोळी होऊन पडतात, मेल्याचं सोंग घेऊन. आपण पाठ फिरवली की निघाले चालायला. मी त्यांना सोंगाडे म्हणते. असा घरात आणखी एक आहे, भाजी आणायची वेळ झाली की डोकं दुखतं म्हणून आडवा पडणारा. पण तो माझा मुलगा आहे, त्याच्याबद्दल वाईट लिहायचं नाही.

सूनबाई म्हणाली, आई, हे चावत नाहीत, काही नाही. ओल असते तिथे येतात. ओल घालवा, आपोआप जातील. मी म्हटलं, उलट आहे ते. किडेच ओल आणतात, पायांना लागून. एवढे पाय असल्यावर किती येत असेल विचार कर. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर दुर्बिणीतून बघायचं, मग समोरचं कसं दिसणार?

प्लॅन: आधी किडे. मग ओल आपली आपण जाते.

६ नोव्हेंबर
आजपासून एकदम स्ट्रिक्ट. फरशी दिवसातून तीनदा पुसायची. गरम पाणी, फिनेल, दोन-दोन बादल्या. भिंतसुद्धा ओल्या फडक्याने पुसून काढली. स्वच्छ भिंतीला ओल धरायची हिंमत होणार नाही. खिडकी घट्ट बंद ठेवली. बाहेरची दमट हवा आत यायला नको.

८ नोव्हेंबर
फरक पडला! भिंत चमकायला लागली. मुलाला बोलावून दाखवली. म्हणाला, आई, ती चमकत नाही, ती भिजली आहे. मी म्हटलं, तू ऑफिसला जा.

सोंगाडे परवा चार दिसले होते, आज अकरा. घाबरून बाहेर पडतायत.

९ नोव्हेंबर, दुपारी
माझ्या ताटव्याबद्दल लिहायचं राहिलंच. खिडकीच्या बाहेर, भिंतीला लागून, माझी शेवंती आहे. पिवळी, पांढरी आणि एक मधलीच. लोकांची फुलझाडं जमिनीवर असतात, माझी कमरेएवढ्या उंचीवर. गेल्या वर्षी दोन हातगाड्या माती आणून भिंतीलगत अशी रचली की थेट खिडकीला टेकली. खिडकीशी बसल्या बसल्या हात बाहेर काढला की फूल हाताला लागतं. असं सुख राजवाड्यात नसेल. सकाळी चार बादल्या पाणी, संध्याकाळी चार. चहाचा चोथा, भाजीची सालं, सगळं तिथेच जातं. माती बारा महिने काळीभोर, गार.

सोंगाडे तिथेही खूप आहेत. पण ते बाहेरचे, त्यांचा आतल्यांशी काही संबंध नाही.

१० नोव्हेंबर
शेजारी रिटायर्ड कंपाउंडर राहतात. चाळीस वर्षं डॉक्टरांच्या शेजारी उभे राहिले, त्यामुळे अर्धे डॉक्टर. त्यांनी उपाय सांगितला. बटाटा अर्धा कापायचा, आतून कोरायचा, भिंतीपाशी पालथा घालायचा. सकाळपर्यंत सगळे किडे आत जमतात, मग उचलून लांब नेऊन टाकायचे. त्यांनी लांब हा शब्द दोनदा उच्चारला. मी म्हटलं, कळलं हो, मी बहिरी नाही.

बटाटे सहा लावले.

११ नोव्हेंबर
२३! पहिल्याच दिवशी! बटाट्यासकट उचलले आणि खिडकीतून बाहेर सोडले, ताटव्यावर. मारले नाहीत. घरात बाळ येणार, अशा वेळी जीव घ्यायचा नाही.

१२ नोव्हेंबर
३१.

१३ नोव्हेंबर
४६. रेकॉर्ड. एकाची एक मिशी तुटलेली होती. तो कालही होता असं वाटलं. भाऊ असेल.

कंपाउंडर म्हणाले, आकडा खाली यायला हवा. यांना यश बघवत नाही.

१४ नोव्हेंबर
मुलाने न विचारता गवंडी आणला. गवंड्याने भिंतीवर टकटक केलं, वास घेतला, मग बाहेर जाऊन माझ्या शेवंतीपाशी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, आजी, पाऊस जाऊन महिना झाला. मग भिंत ओली कशाने? पाणी कुणीतरी घालतंय. ही माती भिंतीपासून लांब करा. पंधरा दिवसांत भिंत सुकेल, किडेपण जातील.

मला हसूच आलं. ओल आत आणि हा बाहेर बघतोय! म्हटलं, अरे, दात दुखला तर तू टाचेला औषध लावतोस का? तो म्हणाला, आजी, मी दातांची कामं घेत नाही. अगदीच बिनडोक. परत पाठवला.

मुलगा म्हणाला, आई, नुसती माती हलवायचीय, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी म्हटलं, ठमी आल्यावर खिडकीतून तिला फुलं कोण दाखवणार, तू? तो मान हलवत बाहेर गेला. त्याला पटलं.

१५ नोव्हेंबर
पण गवंडी एक गोष्ट बरोबर बोलला. पाणी कुणीतरी घालतंय. रात्रभर विचार केला. कोण घालतंय?

सूनबाईंचं बाथरूम माझ्या खोलीला चिकटून आहे. आणि सूनबाईंची अंघोळ म्हणजे काय विचारू नका. पाऊण तास. दोन माणसांचे केस असल्यासारखी धुते.

सापडलं!

१६ नोव्हेंबर
मुलाच्या मागे लागून प्लंबर बोलावला. बाळाची शपथ घातली तेव्हा कुठे हलला. प्लंबर भला माणूस, माझं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. सूनबाई लॅबमधून यायच्या आत दोन फूट टाइल्स फोडून झाल्या.

१७ नोव्हेंबर
आणखी चार फूट फोडल्या.

पाइप सापडला. कोरडा. इतका कोरडा की प्लंबरने त्यावरून हात फिरवून कौतुक केलं. म्हणाला, असं काम हल्ली होत नाही. मी म्हटलं, म्हणजे पाणी अजून आत कुठेतरी लपलंय. तो म्हणाला, आजी, आता पुढे फोडलं तर आपण कंपाउंडरच्या बैठकीत निघू.

सूनबाई आता कंपाउंडरीणबाईंकडे अंघोळीला जाते, खांद्यावर टॉवेल टाकून, सगळ्या गल्लीसमोरून. आज जाताना म्हणाली, आई, बाळासाठी घर पाडलंत तरी चालेल, पण ती चार फूट माती हलता कामा नये. मी म्हटलं, माती नाही ती, ताटवा आहे.

अंघोळीला मात्र आता दहा मिनिटंच लागतात. हाही फायदाच.

१९ नोव्हेंबर
नऊ दिवस राहिले. आता आडवळणं बंद. भिंतीला ऑइलपेंट मारला. गुलाबी, बाळाला आवडेल असा. मीच मारला, स्टुलावर चढून. दोन हात दिले. खोली अशी उजळली! गुडघा दुखतोय, पण आनंदाने.

पेंट वाळेपर्यंत खिडकी उघडी ठेवा असं डब्यावर लिहिलंय. डबेवाल्यांना माझ्या खोलीतलं काय कळतं?

२१ नोव्हेंबर
भिंतीला फोड आले. गोवर आल्यासारखी दिसते. टाचणीने एक फोडला, पाणी आलं. म्हणजे ओल बाहेर पडायला लागली. चांगलं लक्षण. सगळे फोडले.

बटाटे: ७२. आता बटाटे बारा लावते.

२२ नोव्हेंबर
नवा उपाय, कुणी सांगितला नाही, माझाच. मीठ पाणी ओढून घेतं, हे तर पोरालाही माहीत आहे. दहा पुडे मीठ भिंतीच्या कडेला ओळीने ओतलं. सूनबाईने दारातून बघितलं आणि परत गेली.

२३ नोव्हेंबर
मिठाने काम केलं. सगळी ओल ओढली. फक्त ती आता फरशीवर आली. पुसली, गरम पाण्याने.

ठमीसाठी छत्तीस लंगोट आणि बारा दुपटी शिवून झाली. जुन्या मऊ लुगड्यांची. मशीन काढली, तेल दिलं, अजून सुई डोळे मिटून ओवते. सगळी धुऊन खोलीतच वाळत घातलीत, दोऱ्या बांधून, दार-खिडकी लावून, म्हणजे खोलीला आधीपासून बाळाचा वास लागेल. आत गेलं की ढगात गेल्यासारखं वाटतं. खिडकीच्या काचेवर थेंब जमलेत, ते बोटाने जोडून ठमीचं नाव लिहिलं. मी ठेवलेलं.

लंगोट तीन दिवसांत वाळले नाहीत तर इस्त्री करेन.

२५ नोव्हेंबर
लेकीचा व्हिडिओ कॉल. ठमीने मला बघून बोळकं उघडून हसून दाखवलं. दोन दात! खालचे! मी एवढी ओरडले की कंपाउंडर कुंपणावरून डोकावले.

मग लेक म्हणाली, आई, खोली दाखव जरा. खाट दाखवली, दुपटी दाखवली. म्हणाली, खिडकीखालची भिंत दाखव, मागच्या वेळी तिथे डाग होता. मी म्हटलं, थांब, इथे रेंज नाही. फोन घेऊन चालत गेले आणि भिंत दाखवली. म्हणाली, अरे वा, खरंच कोरडी दिसतेय.

दिसणारच. सूनबाईंच्या खोलीतली होती. कोणाची भिंत ते तिने विचारलं नाही.

२७ नोव्हेंबर
शेवटचा हात. बुटकं कपाट सरकवून खिडकीखालच्या भिंतीसमोर आणलं. मुलगा म्हणाला, मागे हवा लागणार नाही, आणखी सडेल. त्याला म्हटलं, दहा दिवसांचा प्रश्न आहे, सडायला वेळ लागतो. बटाटे उचलले, मोजले नाहीत. वेळ नव्हता. बरेच होते.

उद्या. उद्या. उद्या.

२८ नोव्हेंबर, संध्याकाळी
आली! सकाळी साडेदहाला आली. विहीणबाईपण स्टेशनवरून सोबतच आल्या, कुणी बोलावलं नव्हतं. ठमी काचेतल्यापेक्षा मोठी आहे. माझ्या अंगावर दिली तर टकमक बघत राहिली, मग माझा चष्मा ओढला. ओळख पटली.

खोलीत नेलं. लेक दारात थांबली, आई, वास कसला? मी म्हटलं, नव्या रंगाचा. विहीणबाई नाकाला रुमाल न लावता नाकाला रुमाल लावल्यासारख्या उभ्या होत्या. ती कला त्यांना येते. ठमीला गोधडीवर ठेवलं. दोनदा खोकली. मी म्हटलं, प्रवासाची धूळ.

मग ती रांगायला लागली. इतकी गोड रांगते, एक पाय दुमडून, सरकत सरकत. खाटेखाली गेली. आणि एकदम शांत. मी म्हटलं, बघा, किती रमली माझ्या खोलीत! विहीणबाईंकडे बघून म्हटलं.

बाहेर आली ती मूठ घट्ट मिटून. लेकीने मूठ उघडली. दोन सोंगाडे. एक गोळी होऊन पडलेला, दुसरा आरामात मनगटाकडे चाललेला. तिसरा गालात होता. लेकीने बोट घालून काढला.

विहीणबाई म्हणाल्या, अगंबाई, हिला घरची खेळणी मिळाली.

लेकीने खाली वाकून खाटेखाली बघितलं. मग उठून कपाटाच्या मागे हात घातला. हात बाहेर काढला तर बोटांना गुलाबी पोपडे. त्या हाताकडे बघत राहिली. बोलली असती तर मी भांडले असते, माझी तयारी होती. तिने बॅग उचलली, ती अजून उघडलीच नव्हती. म्हणाली, आई, आम्ही संध्याकाळी भेटायला येत जाऊ.

दुपटी पिशवीत भरून दिली. विहीणबाई म्हणाल्या, राहू द्या हो, जरा दमट वाटतायत.

३० नोव्हेंबर
काल संध्याकाळी आल्या नाहीत. ठमी झोपली होती म्हणे. आज मीच गेले.

विहीणबाईंकडे ऊन येतं. खरंच येतं. फरशीवर चौकोन पडतो आणि ठमी त्या चौकोनात बसते, खोकत नाही. मला बसायला खुर्ची दिली, दाराजवळची. चहा दिला. म्हणाल्या, या ना, रोज या, चार ते पाच, तिच्या झोपेच्या मधे. फक्त हात धुऊन घ्या हं. मी धुतले. साबण चांगला होता.

मी घेतली तर ठमी पाच मिनिटं राहिली आणि मग विहीणबाईंकडे झेपावली. साहजिक आहे, ती तिथे राहते. मांजरसुद्धा घराला धरून असतं.

३ डिसेंबर
विश्वासघात! मी चार ते पाच विहीणबाईंकडे बसले आणि मागे मुलगा, गवंडी आणि सूनबाई, तिघांनी मिळून माझा ताटवा उचलला. सूनबाईने रजा काढली यासाठी. अंगात तेवढा जोर आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. शेवंती लांब कुंपणापाशी डब्यांत लावलीय. डब्यांत! तेलाच्या!

भिंतीची बाहेरची बाजू काळी, शेवाळलेली. आणि मातीखाली सोंगाडे इतके की गवंडीसुद्धा दोन पावलं मागे सरला. मला हाक मारून दाखवले. मी म्हटलं, बघा. हे सगळे मी आतून बाहेर काढलेले.

सूनबाई तोंडावर हात ठेवून आत गेली. हसत होती की रडत होती कळलं नाही. बाथरूम अजून फुटलेलंच आहे.

६ डिसेंबर
भिंत वरून खाली सुकत चाललीय. गुडघ्यापर्यंत उतरली. मिठाचा परिणाम. त्याला वेळ लागतो.

मुलाने खिडकी उघडून ठेवलीय आणि हँडल काढून खिशात घेऊन फिरतो. बादलीपण कुठेतरी ठेवलीय. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी असं वागतात. विहीणबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, किती काळजी घेतात हो तुमची.

८ डिसेंबर
गेल्या. स्टेशनवर मी ठमीला पूर्ण वेळ घेतलं, गाडी येईपर्यंत, कुणाला दिली नाही. माझ्या खांद्यावर झोपली. खांदा अवघडला, पण हलले नाही.

लेक म्हणाली, आई, तू नुसतं खरं सांगितलं असतंस तर दादाने महिन्यापूर्वीच माती काढली असती. आम्ही तुझ्याच खोलीत असतो. मी म्हटलं, आधी कुणाला माहीत होतं? ती म्हणाली, गवंड्याने चौदा तारखेला सांगितलं होतं. तारीखसुद्धा पाठ! सूनबाईचं काम.

मग गाडी आली.

१४ डिसेंबर
भिंत सुकली. गवंडी हात फिरवून बघून गेला. किडा एकही दिसला नाही, कपाटामागेही नाही, खाटेखालीही नाही. मी वाकून बघितलं, दोनदा.

दुपारी लेकीचा फोन. ठमी उभी राहिली म्हणे, सोफ्याला धरून. मी म्हटलं, खोली कोरडी झाली गं. ती म्हणाली, बरं झालं आई. मी विचारलं, आता कधी? म्हणाली, पुढच्या वर्षी, सुट्टी मिळाली तर.

मग मीच म्हटलं, ठेवते, इथे फार काम पडलंय.

काम काही नव्हतं.